दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर

डेस्कटॉप सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचा स्वतःचा कॉम्प्युटर सगळ्यात फसवा असतो. त्यावर व्हिज्युअल स्टुडिओ असतो, त्यामुळे प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्रऱ्या न मागता आलेल्या असतात. लिहिणाराच त्या मशीनचा ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणून हव्या त्या फोल्डरात फाइल लिहिता येते. रॅम भरपूर, डिस्क वेगवान, फॉन्ट सगळे हजर, आणि चाचणीच्या डेटाबेसमध्ये फार तर दोनशे नोंदी. अशा मशीनवर प्रोग्राम चालला, तर त्यावरून तो या मशीनवर चालतो एवढंच कळतं. गिऱ्हाइकाकडे यातली एकही गोष्ट असेलच असं नाही.

वेबसाइटचं निम्मं काम आपल्या ताब्यातल्या सर्व्हरवर होतं. काही बिघडलं तर लॉग आपल्याच हातात असतात. डेस्कटॉप प्रोग्रामचं तसं नाही. तो परक्या घरी नांदतो. तिथल्या परवानग्या, तिथला अँटिव्हायरस, तारखा लिहायची तिथली पद्धत, आधीच्या माणसाने टाकून ठेवलेली जुनी सॉफ्टवेअरं, या सगळ्यांशी त्याला जमवून घ्यावं लागतं. म्हणून अशा सॉफ्टवेअरचा दोष शोधताना पहिल्याच झटक्यात कोड उघडून बसू नये असं माझं ठाम मत आहे. आधी शोधायचा तो फरक. जिथे चालतंय ते मशीन आणि जिथे चालत नाही ते मशीन, या दोघांत वेगळं काय आहे?

तक्रार बहुधा ‘सॉफ्टवेअर चालत नाही’ एवढ्या तीन शब्दांत येते. त्यावर विचारायचे प्रश्न साधे असतात, पण ते विचारले जात नाहीत. त्याच कॉम्प्युटरवर दुसऱ्याने लॉगिन केलं तर चालतं का? तोच माणूस शेजारच्या कॉम्प्युटरवर बसला तर? काल चालत होतं का, आणि काल ते आज या दरम्यान काय बदललं? विंडोजचं अपडेट, नवा प्रिंटर, नवा अँटिव्हायरस? दोष माणसाबरोबर फिरत असेल तर परवानग्या आणि सेटिंग तपासायची. मशीनला चिकटून बसला असेल तर लायब्रऱ्या आणि ड्रायव्हर. दोन फोनमध्ये शोधाचं क्षेत्र निम्म्यावर येतं. एररच्या चौकटीचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवावा, आणि ‘ओके’ दाबायच्या आधी काढायला सांगावं. सांगणारा चौकटीतलं कधीच पूर्ण वाचून दाखवत नाही. ‘काहीतरी इंग्लिशमध्ये आलंय’ म्हणतो, आणि त्यात त्याचा दोष नाही.

चौकटही न येता प्रोग्राम नुसताच बंद पडत असेल तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ॲप्लिकेशन या सदराखाली, त्याची नोंद सापडते. त्यात कोणत्या मॉड्यूलमध्ये प्रोग्राम कोसळला त्याचं नाव असतं आणि एक आठ अंकी कोड असतो. हा कोड पुष्कळ बोलतो. सी००००१३५ म्हणजे लागणारी डीएलएल सापडलीच नाही. सी०००००७बी म्हणजे डीएलएल सापडली, पण ती चुकीच्या जातीची निघाली. बहुतेक वेळा ३२ बिट आणि ६४ बिट यांची सरमिसळ झालेली असते. सी००००००५ म्हणजे स्वतःच्या हद्दीबाहेरच्या मेमरीला हात लावला. आणि ई०४३४३५२ दिसला तर तो डॉट नेटचा न पकडलेला अपवाद. त्याच्या आगेमागे डॉट नेट रनटाइमची वेगळी नोंद असते, तिच्यात फंक्शनांची अख्खी उतरंड मिळते.

डीएलएलच्या बाबतीत एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे. सी++ चे प्रोग्राम चालायला मायक्रोसॉफ्टचं रनटाइम पॅकेज लागतं. २०१५ पासूनच्या व्हिज्युअल स्टुडिओंसाठी ते एकच, सलग वाढत आलेलं पॅकेज आहे. पण २०१९ च्या आवृत्तीपासून ६४ बिटच्या बाजूला त्यात व्हीसीरनटाइम१४०_१.डीएलएल या नावाची एक नवी फाइल आली. गिऱ्हाइकाच्या मशीनवर २०१५ चं पॅकेज असतं, इन्स्टॉल्ड प्रोग्रामांच्या यादीत ते दिसतं, पाहणारा ‘आहे की’ म्हणतो आणि पुढे जातो. प्रत्यक्षात नेमकी तीच एक फाइल नसते. नवं पॅकेज इन्स्टॉलरमध्येच बांधून द्यावं, हा यावरचा सरळ उपाय.

३२ आणि ६४ बिटचा घोळ डेटाबेसच्या जोडणीत सगळ्यात जास्त छळतो. ॲक्सेसच्या जुन्या फाइली उघडणारा जेट ४.० हा प्रोव्हायडर फक्त ३२ बिटमध्येच आहे. डॉट नेटचा प्रोग्राम ‘एनी सीपीयू’वर बांधला की तो ६४ बिट विंडोजवर ६४ बिट होऊन धावतो आणि प्रोव्हायडर नोंदलेलाच नाही अशी तक्रार करतो. ओडीबीसीचं त्याहून विचित्र. डीएसएन बनवायचं साधन विंडोजमध्ये दोन ठिकाणी आहे, दोन्हीकडे फाइलचं नाव एकच. सिस्टम३२ या फोल्डरातलं ६४ बिटचं आणि सिसवॉव६४ या फोल्डरातलं ३२ बिटचं. नावावरून जे वाटेल त्याच्या नेमकं उलट. जुन्या प्रोग्रामांचे रस्ते मोडू नयेत म्हणून मायक्रोसॉफ्टने हे असं ठेवलं. कारण समजतं, पण त्यापायी किती लोकांच्या किती दुपारी वाया गेल्या असतील याचा हिशेब नाही.

आता एक उदाहरण जरा जवळून पाहू.

तालुक्याच्या गावातली एक पतसंस्था. व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेलं जुनं सॉफ्टवेअर, डेटा ॲक्सेसच्या एका फाइलमध्ये, आणि ती फाइल प्रोग्रामच्याच शेजारी, प्रोग्राम फाइल्स या फोल्डरात. विंडोज एक्सपीवर हे बिनबोभाट चालत होतं. ८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट थांबवला, तेव्हा बऱ्याच संस्थांप्रमाणे इथेही विंडोज ७ चं नवं मशीन आलं. सॉफ्टवेअर टाकलं, उघडलं, चाललं. सकाळी एक कारकून बसायचा, दुपारनंतर दुसरा. दोघांची लॉगिन वेगळी. थोड्याच दिवसांत रोजकीर्द जुळेना. सकाळी जमा केलेली पिग्मीची रक्कम दुपारच्या माणसाला दिसत नव्हती, आणि त्याने केलेल्या नोंदी सकाळच्याला दिसत नव्हत्या. दोघेही शपथेवर सांगत होते की नोंद केली आहे, आणि दोघेही खरं बोलत होते. सॉफ्टवेअरवाल्याने येऊन ॲडमिनिस्ट्रेटरच्या लॉगिनमधून उघडून पाहिलं तर त्याला दोघांच्याही नोंदी दिसेनात. जिथे पैशाचा व्यवहार असतो तिथे अशा वेळी संशय आधी माणसावर जातो.

घडलं होतं ते असं. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने यूएसी नावाची व्यवस्था आणली. तिच्यात साध्या वापरकर्त्याला प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायची मुभा नाही. पण मग तिथे लिहिणारे हजारो जुने प्रोग्राम एका रात्रीत बंद पडले असते. म्हणून विंडोजने त्यांच्यासाठी पळवाट ठेवली. मॅनिफेस्ट नसलेला, म्हणजे आपल्याला कोणते अधिकार हवेत हे विंडोजला न सांगणारा, ३२ बिट प्रोग्राम त्या फोल्डरात लिहू लागला की विंडोज गुपचूप त्या फाइलची प्रत त्या वापरकर्त्याच्या खासगी कोपऱ्यात, व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरात करते, आणि त्यापुढचं सगळं लिहिणं-वाचणं त्या प्रतीवर होऊ देते. प्रोग्रामला पत्ताही लागत नाही. त्याच्या लेखी फाइल आपल्या जागी आहे. प्रत्यक्षात त्या पतसंस्थेत एकाच खातेवहीच्या तीन वह्या झाल्या होत्या: मूळ फाइल, सकाळच्या कारकुनाची प्रत आणि दुपारच्याची प्रत. यातली सगळ्यात गंभीर गोष्ट पुढेच आहे. रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर जो बॅकअप घेतला जायचा तो प्रोग्राम फाइल्समधल्या मूळ फाइलचा, म्हणजे जिच्यात नवं मशीन आल्यापासून एकही नोंद झाली नव्हती तिचा. त्या दिवसांत डिस्क उडाली असती तर नव्या मशीनवरच्या नोंदींपैकी परत मिळवायला काहीच उरलं नसतं.

असा दोष नुसता कोड वाचून कधीही सापडणार नाही, कारण कोडमध्ये तो नाहीच. तो पकडून देतो प्रोसेस मॉनिटर. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्जवेल या दोघांनी १९९६ मध्ये विंडोजच्या पोटात डोकावणारी साधनं फुकट वाटायला सुरुवात केली. ती पुढे सिसइंटर्नल्स या नावाने ओळखली गेली. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनीच विकत घेतली, आणि त्याच वर्षी फाइलमॉन व रेजमॉन ही दोन जुनी साधनं एकत्र करून प्रोसेस मॉनिटर आला. कुठला प्रोग्राम कुठली फाइल उघडायला गेला, रजिस्ट्रीत काय शोधलं, आणि त्याला काय उत्तर मिळालं, याची ओळीमागून ओळ तो लिहीत जातो. आपल्या प्रोग्रामच्या नावाची गाळणी लावावी, नोंद करण्याचं बटण दाबावं आणि पाहावं. प्रोग्रामने प्रोग्राम फाइल्समधली फाइल मागितलेली दिसते, आणि लगेच खाली व्हर्च्युअलस्टोअरचा रस्ता. मशीन स्वतःच सांगतं.

दुरुस्ती त्यामानाने छोटी आहे. डेटा प्रोग्रामडेटा या सामायिक फोल्डरात हलवायचा, आणि तिथे सगळ्यांना लिहिता येईल अशी परवानगी इन्स्टॉलरनेच द्यायची. कारण एकाने बनवलेली फाइल दुसऱ्याला बदलू देण्याची मुभा तिथे आपोआप मिळत नाही. प्रोग्रामला मॅनिफेस्ट जोडला की विंडोजची ती पळवाट बंद होते आणि पुन्हा चुकीच्या जागी लिहायला गेला तर निदान एरर तरी येते. मात्र त्याआधी तिन्ही वह्या समोर ठेवून नोंदी एकत्र कराव्या लागतात, आणि ते काम हातानेच होतं.

मराठी मजकुराचे दोष हा आपल्याकडचा खास विषय. ‘मराठी नीट दिसत नाही’ या एका तक्रारीखाली निदान तीन निराळे आजार असतात, आणि पडद्यावर काय दिसतं यावरून ते ओळखता येतात. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील तर डेटा शाबूत आहे, फक्त फॉन्टमध्ये ती अक्षरं नाहीत. टोप्या आणि आघात असलेली परकी लॅटिन अक्षरं दिसत असतील तर बाइट शाबूत आहेत, वाचणारा चुकीच्या पद्धतीने वाचतो आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणून पंधरा बाइट. ते एकेक करून वाचले की पाच चिन्हांच्या जागी पंधरा निरर्थक खुणा होतात. वाचण्याची पद्धत सुधारली की मजकूर परत येतो. पण पाच प्रश्नचिन्हं दिसत असतील तर मात्र गेलं. साठवतानाच मजकूर अशा कप्प्यात टाकला गेला की जिथे देवनागरीला जागा नव्हती, आणि प्रत्येक चिन्हाच्या जागी कायमचं प्रश्नचिन्ह बसलं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कॉलमचा प्रकार एनव्हारचार ठेवूनही हे घडतं, कारण क्वेरीत मराठी मजकुराच्या अवतरणचिन्हाआधी ‘एन’ हे अक्षर लिहायचं राहिलेलं असतं. पॅरामीटर वापरून क्वेरी लिहिली तर हा धोका राहत नाही, आणि तशीच ती लिहावी.

जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांचा मजकूर हा चौथा प्रकार. त्यात साठवलेली असतात रोमन अक्षरंच. फॉन्ट फक्त त्यांच्यावर मराठी चेहरा चढवतो. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, विंडोज २००० पासून ती विंडोजमध्ये आली, तरी कित्येक संस्थांच्या जुन्या नोंदी आजही त्या फॉन्टांत अडकून आहेत. प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा, त्यामुळे रूपांतर करताना आधी नेमका फॉन्ट कोणता हे कळायलाच हवं.

मजकूर युनिकोडमध्ये असूनही शोध चुकतो, तेव्हा ‘कऱ्हाड’ टाइप करून पाहावं. यातला ऱ् दोन प्रकारे साठवला जातो: एकदा ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त लावून, आणि एकदा साध्या ‘र’ला हलन्त व त्यानंतर न दिसणारं जोडचिन्ह लावून. कीबोर्ड बदलला की प्रकार बदलतो. पडद्यावर दोन्ही सारखेच, डेटाबेसला दोन वेगळे शब्द. एका ऑपरेटरने नोंदवलेले गोऱ्हे दुसऱ्याला सापडत नाहीत, आणि मग तो त्यांचं नवं खातं उघडतो. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन हे दोन प्रकार एक करत नाही. साठवण्याआधी आपणच एका प्रकारात आणावे लागतात. आकड्यांचंही तसंच. डॉट नेटमध्ये ‘५’ हा अंक आहे का असं विचारलं तर उत्तर ‘हो’ येतं, आणि त्याच ‘५’चं संख्येत रूपांतर करायला सांगितलं की एरर येते. जावा आणि पायथन मात्र देवनागरी अंक सुखाने वाचतात. मराठी माणसांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने मराठीतच टाइप करून चाचणी घ्यायला हवी. फक्त इंग्रजीत तपासलेलं मराठी सॉफ्टवेअर मला अर्धवट वाटतं.

तारखांचा घोळ त्याच जातीचा. नव्या लॅपटॉपवर विंडोजची प्रादेशिक सेटिंग पुष्कळदा अमेरिकन असतात, आणि तिथे महिना आधी येतो. व्हिज्युअल बेसिक ६ इथे फारच मनमिळाऊ वागतं. ०५/०६ असं लिहिलं तर ६ मे समजतं, पण १३/०६ लिहिलं की तेरावा महिना नसतो हे ओळखून निमूटपणे १३ जून करून घेतं. परिणामी महिन्याच्या १२ तारखेपर्यंतच्या नोंदी चुकतात आणि १३ पासूनच्या बरोबर येतात. व्याजाची आकारणी ‘कधीकधी’ चुकते अशी तक्रार आली तर चुकलेल्या नोंदींच्या तारखा आधी पाहाव्यात. साठवताना वर्ष-महिना-दिवस हाच क्रम, दाखवताना गिऱ्हाइकाला हवा तो, एवढं पाळलं की हे टळतं.

प्रोग्राम गोठतो, मथळ्यावर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ येतं, हा दोष तर सगळ्यांच्या ओळखीचा. खिडकी रंगवणं, माउस आणि कीबोर्डचे निरोप घेणं हे सगळं एकाच धाग्यावर चालतं. तो धागा पाच सेकंद निरोप घ्यायला आला नाही की विंडोज त्या खिडकीला गोठलेली समजते. दोनशे नोंदींचा अहवाल लिहिणाऱ्याच्या मशीनवर पापणी लवायच्या आत येतो. गिऱ्हाइकाकडे दोन लाख नोंदी असतात, तीही नेटवर्कवरच्या फोल्डरात. जड काम मागच्या धाग्यावर न्यावं हा सल्ला सगळे देतात आणि तो बरोबरच आहे. पण नेण्याआधी नेमकं कोणतं काम जड आहे ते पाहायला हवं. त्यासाठी प्रोग्राम गोठलेला असतानाच टास्क मॅनेजरमध्ये त्याच्यावर उजवी क्लिक करून डम्प फाइल बनवायला सांगावी. ती डीबगरमध्ये उघडली की मुख्य धागा कुठल्या ओळीवर अडकला आहे ते दिसतं. मात्र त्या आवृत्तीची पीडीबी फाइल आपल्याकडे जपून ठेवलेली हवी, नाहीतर ओळींच्या जागी नुसते पत्त्यांचे आकडे मिळतात. जे गिऱ्हाइकाला दिलं, त्याची पीडीबी कधीही पुसू नये.

संध्याकाळी बिघडणारे प्रोग्रामही असतात. सकाळी सगळं ठीक, दुपारनंतर बटणं काळी पडतात, मजकूर गायब होतो, बंद करून उघडलं की पुन्हा छान. विंडोज एका प्रोग्रामला चित्र काढण्याची साधनं, म्हणजे फॉन्ट, ब्रश, पेन वगैरे, साधारणपणे १०,००० पर्यंतच देते. समजा सी++ मधल्या एका स्क्रीनने दर १० सेकंदांनी ताजं होताना सहा साधनं घेतली आणि परत केलीच नाहीत, तर तासाला २,१६० झाली. १० वाजता उघडलेला प्रोग्राम दुपारी पावणेतीनच्या आत मर्यादेला टेकतो. लिहिणारा मात्र दिवसभरात तो पन्नासदा उघडतो आणि बंद करतो, त्यामुळे त्याला हे कधीच दिसत नाही. टास्क मॅनेजरमध्ये जीडीआय ऑब्जेक्ट्सचा स्तंभ चालू करून ठेवला की आकडा चढताना डोळ्यांनी पाहता येतो.

हे सगळं गिऱ्हाइकाकडे पोचण्याआधी पाहायचं असेल तर कोरं मशीन लागतं. विंडोज १० च्या २०१९ मधल्या आवृत्तीपासून प्रो वापरणाऱ्यांना विंडोज सँडबॉक्स मिळतो. उघडला की ताजी विंडोज, बंद केला की सगळं पुसलेलं. लायब्रऱ्या राहिल्या आहेत का ते तिथे पाच मिनिटांत कळतं. त्यानंतर साध्या वापरकर्त्याचं खातं, १५० टक्के मोठा केलेला पडदा, अमेरिकन तारखा आणि खरोखरीच्या आकाराचा डेटाबेस असं एक मशीन जाणूनबुजून अडचणीचं करून ठेवावं.

आणि प्रोग्राममध्येच ‘मदत’च्या मेनूखाली माहितीची एक चौकट द्यावी. आवृत्ती कोणती, ३२ बिट की ६४, विंडोज कोणती, वापरकर्त्याला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार आहेत का, तारखेची पद्धत कोणती, पडद्याचं प्रमाण किती, डेटाची फाइल नेमकी कुठल्या रस्त्यावर आहे आणि तिच्यात शेवटची नोंद कधी झाली. शेजारी ‘कॉपी करा’ असं एक बटण. फोनवर असलेल्या कारकुनाला मग एकच सांगावं लागतं: ते बटण दाबा आणि व्हॉट्सॲपवर चिकटवा.